जोडणारा आणि सही करणारा

ग्लायडर हे मुळातच सुटं करून न्यायचं विमान आहे, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. त्याला इंजिन नाही, त्यामुळे हवेत टिकायचं ते पंखांच्या लांबीवर. दोन माणसांच्या साध्या शिकाऊ ग्लायडरचे पंखसुद्धा टोकापासून टोकापर्यंत सतरा मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे एसटीच्या गाडीहून लांब. असा ऐवज रस्त्यावरून न्यायचा तर पंख काढावेच लागतात. हवेतला उठाव संपला आणि पायलट कुणाच्या शेतात उतरला, तर तिथेच पंख काढून, ट्रेलरमध्ये घालून तो घरी आणायचा. म्हणून कारखानाच जोड असे करून देतो की फारशी हत्यारं न लागता ते निघावेत आणि बसावेत. मधे जाडजूड मेन पिना, शेपटीवरचा आडवा पंख एका बोल्टवर, आणि आत कंट्रोलच्या दांड्यांचे सांधे. चार माणसं मिळाली तर चहा निवायच्या आत काम होतं.

हे काम पायलटने स्वतः करावं की नाही, या एका प्रश्नावर मी माझ्या नोकरीत जितका वाद ऐकला तितका पगारवाढीवरही ऐकला नाही.

मी ओवे गावचा. आज खारघरचे टॉवर गावाच्या शिवेला टेकलेत. मी शाळेत होतो तेव्हा तिथे भातखाचरं होती. जमिनी सिडकोने घेतल्या, आमच्या पिढीतली पोरं आयटीआय करून तळोज्याच्या एमआयडीसीत लागली. मीही फिटरचा ट्रेड केला आणि तिथेच एका कारखान्यात लागलो. पुढे ओळखीने जुहूला, छोट्या विमानांच्या एका हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून गेलो. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तो हाच. हँगरमध्ये दोन जातींची माणसं असतात. एक लायसनवाले, म्हणजे एएमई, विमान देखभालीचे परवानाधारक अभियंते. दुसरे आम्ही, ज्यांचे हात काळे असतात. एएमईचा अभ्यासक्रम करायचा तर बारावी विज्ञान तरी लागते, नाहीतर इंजिनीअरिंगचा डिप्लोमा. फिटरच्या सर्टिफिकेटवर ते दार उघडत नाही. त्यामुळे इतकी वर्षं विमानं खोलली आणि जोडली, पण कुठल्याही लॉगबुकात माझं नाव नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे.

ग्लायडरशी गाठ पडली ती हडपसरला. तिथलं ग्लायडिंग सेंटर तेव्हा केंद्र सरकारचं, डीजीसीएच्याच अखत्यारीतलं. म्हणजे देशातल्या विमानांचे नियम जे खातं सांभाळतं, तेच तिथे ग्लायडर सांभाळायचं. विंचच्या तारेने ग्लायडर पतंगासारखा वर खेचायचा, वर गेल्यावर पायलटने तार सोडायची. वार्षिक तपासणीला पंख उतरवतात, तेव्हा पंख धरायला माणसं कमी पडायची. शिकायला आलेली कॉलेजची पोरंपोरी हौसेने पुढे यायची. ‘टोक थोडं वर घे,’ ‘अजून बोटभर,’ ‘थांब, थांब!’ असा गलका व्हायचा. पंखाच्या टोकाला उभा राहिलेला माणूस हा या कामातला खरा नायक. त्याने बोटभर उचललं की इकडे मुळाशी पिनेचं भोक भोकासमोर येतं. त्याने कंटाळून खांदा टाकला की पिन अडते, आणि मग कुणीतरी हातोडा मागतो. ग्लायडरला हातोडा लागला की समजावं, जोडणी चुकते आहे.

ती पोरं पंख धरायची, पिनाही पुसून द्यायची, पण पिना बसवायचे आम्ही आणि तपासायचे लायसनवाले. तेव्हा ते मला रास्तच वाटायचं.

खरा प्रश्न समोर आला तो एका कॅप्टनसाहेबांमुळे. एअरलाइनमधून निवृत्त झालेले, पक्के पुणेकर. त्यांनी जर्मनीतून जुना ग्लायडर विकत घेतला. तो कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात उतरला आणि कागदपत्रं पुरी होईपर्यंत तळोज्यातल्या एका शेडमध्ये येऊन पडला. शेड ओव्यापासून जवळ, मी तेव्हा जुहूचं काम सोडून गावीच होतो. कुणीतरी माझं नाव सांगितलं. साहेबांचा फोन आला, ‘दादा, पंख जोडून बघायचेत, टोकाला उभं राहायला माणूस हवाय.’ मी म्हटलं, ‘साहेब, टोकाला कुणीही उभं राहील, मुळाशी कोण आहे?’ ते म्हणाले, ‘मुळाशी मी.’

मला ते पटलं नाही, तरी गेलो. पाहतो तर साहेब चटईवर जर्मन मॅन्युअल पसरून बसलेले. प्रत्येक पिन पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवून, वापरायच्या क्रमाने मांडून ठेवलेली. आधी उजवा पंख की डावा, हेही ठरलेलं. पंखाच्या मधली तुळई धडाच्या खाचेत सरकवताना त्यांनी एकदाही घाई केली नाही. जोडणी झाल्यावर धडाच्या पाठीमागची छोटी झडप उघडून ते आत हात घालून कंट्रोलचे सांधे बसवू लागले. हे सांधे लोतेलिए नावाच्या फ्रेंच बनावटीचे असतात: एका दांडीच्या टोकाला गोळा, दुसरीच्या टोकाला वाटी, आणि वाटीत स्प्रिंगची छोटी जीभ. वाटी गोळ्यावर नीट बसली की जिभेत एक बारीक भोक दिसतं, त्यात सेफ्टी पिन घालायची. यात खोच अशी की वाटी अर्धवट बसली तरी वरून बसल्यासारखीच दिसते आणि हलवून पाहिलं तर कंट्रोल हलतोही. जगभर यापायी अपघात झाले, म्हणून पुढे ती सेफ्टी पिन किंवा तिच्याऐवजी एक कुलूपवजा नळी सक्तीची झाली. अलीकडच्या ग्लायडरमध्ये पंख सरकवले की सांधे आपोआप जुळतात, पण जुन्या ग्लायडरना अजून बोटांवरच भरवसा ठेवावा लागतो.

सांधे झाल्यावर साहेब कॉकपिटमध्ये बसले आणि मला म्हणाले, ‘आता पंखावरची ती पट्टी घट्ट धर. मी स्टिक दाबतो. सोडू नकोस.’ मी धरली. त्यांनी स्टिक दाबली, माझ्या तळहाताला ताण जाणवला. मग दुसऱ्या पंखाची, मग एअरब्रेक, मग शेपटी. ब्रिटनमधल्या क्लबांत याला पॉझिटिव्ह कंट्रोल चेक म्हणतात आणि जोडणीनंतर तो केल्याशिवाय कुणी उडत नाही. नुसतं ‘हलतंय ना?’ एवढं पाहून भागत नाही. एकाने अडवायचं आणि दुसऱ्याने जोर लावायचा, तरच सांधा खरा आहे की नुसता टेकलाय ते कळतं. हे काम एकट्याने होतच नाही, हे मला त्याचं सगळ्यात चांगलं अंग वाटतं.

चहा पिताना वाद झाला. साहेब म्हणाले, ‘मी परदेशात क्लबात शिकलो तेव्हा आधी जोडायला शिकवलं, उडवायला नंतर. इथे मला माझ्याच ग्लायडरची पिन लावायला माणूस बोलवावा लागतो.’ मी म्हटलं, ‘साहेब, नियम आहे.’ नियम म्हणजे १९३७ च्या विमान नियमांतला साठावा: विमानाची देखभाल ठरल्या मापाने झाली पाहिजे आणि परवानाधारक अभियंत्याने किंवा अधिकृत केलेल्या माणसाने तसं प्रमाणित केलं पाहिजे. साहेब म्हणाले, ‘अरे, पण जोडणी ही देखभाल आहे का? उद्या सायकलच्या चाकात हवा भरायलाही लायसन मागाल.’

अमेरिकेच्या नियमांनी या भांडणाचा निकाल फार पूर्वी लावून टाकला आहे. पंख आणि शेपटीचे भाग झटपट काढता-घालता येतील अशाच बनावटीचे असतील आणि पायलटला ते जमण्यासारखं असेल, तर ते काढणं-बसवणं ही किरकोळ प्रतिबंधक देखभाल, आणि परवाना असलेल्या पायलटला आपल्या विमानावर ती करायची मुभा. युरोपातही मालक-पायलटला मर्यादित देखभालीचा हक्क आहे. तिथली ग्लायडिंगची सगळी रीतच यावर उभी आहे: रविवारी सकाळी ट्रेलर उघडायचा, जोडायचं, उडायचं, संध्याकाळी सुटं करून घरी. दर रविवारी अभियंता बोलवायचा म्हटलं तर तो खेळच बंद पडेल.

आपल्याकडे तो खेळ वाढला नाही, त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष या एका नियमावर ढकलण्यात अर्थ नाही. एके काळी आपण स्वतःचे ग्लायडर बनवत होतो. नागरी विमान खात्यातल्या एस. रामामृतम यांनी अश्विनी, रोहिणी, कार्तिक अशा नावांचे ग्लायडर आखले. लाकडाचा आणि कापडाचा, दोघांनी शेजारी शेजारी बसायचा रोहिणी तर क्लबांतून आणि एनसीसीतून पुष्कळ उडाला. जुने मेकॅनिक अजून त्याच्याबद्दल घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलतात.

पण मूळ गोष्टीकडे येतो. कागदपत्रं झाली, ग्लायडर ट्रकवरून घाटावरच्या एका धावपट्टीवर गेला. साहेबांनी मलाही नेलं. पुन्हा तोच क्रम: चटई, मॅन्युअल, पिना, मी टोकाला, साहेब मुळाशी. सांधे बसले, चेक झाला. मग सहीसाठी ठरवलेले अभियंते आले. गाडीतून उतरले, लॉगबुक मागितलं, चहा घेतला, साहेबांशी जुन्या ओळखी काढल्या आणि पंखाच्या सावलीत उभं राहून सही केली. धडाच्या पाठीवरची झडप त्यांनी उघडली नाही. कॉकपिटमध्ये हात घातला नाही. कागद पुरा झाला. नियमाच्या दृष्टीने तो ग्लायडर आता जोडलेला होता. खरं तर तो दोन तासांपूर्वीच जोडलेला होता, आणि ज्यांनी तो जोडला आणि पाहिला त्या दोघांपैकी एकाचंही नाव कागदावर नव्हतं. एक पायलट म्हणून बाद, दुसरा बारावी नाही म्हणून बाद.

साहेब काही बोलले नाहीत. गाडी गेल्यावर मला म्हणाले, ‘पट्टी धर.’ आम्ही सगळा चेक पुन्हा केला.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सगळे लायसनवाले असेच. जुहूला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अभियंते प्रत्येक पिनेला बोट लावल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसत. ‘हा बोल्ट कुणी आवळला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि ज्याने आवळला त्याला ते तपासायला कधीच सांगत नसत. कंट्रोलची कुठलीही दांडी किंवा तार सुटी झाली की दोन वेगवेगळ्या माणसांनी ती तपासायची, ही पद्धत मोठ्या विमानांत आहे आणि आपल्या नियमांतही आहे. त्याला डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. म्हणजे शहाणपण आपल्या पुस्तकात आहे, फक्त ग्लायडरपर्यंत पोचताना त्याची एक सही होऊन जाते.

उलट बाजूही मी पाहिली आहे. पायलटवर सगळं सोपवा म्हणणाऱ्यांनी कामशेतच्या डोंगरावर जाऊन उभं राहावं. पॅराग्लायडरवाला स्वतःच छत्री पसरतो, दोऱ्या सोडवतो, हुक लावतो. कुणाची सही नाही. हँगग्लायडरवाला तर ॲल्युमिनियमची अख्खी चौकट डोंगरमाथ्यावर उभी करतो. त्यांच्यात हँग चेक नावाची रीत आहे: हार्नेस अडकवून आडवं लटकून दाखवायचं, सोबत्याने तारा धरायच्या. का, तर सगळं नीट जोडून स्वतःला अडकवायला विसरलेली माणसं उडी मारून गेलेली आहेत. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका अनुभवी पायलटने सोबतच्या प्रवाशालाच अडकवलं नाही. तो बिचारा दोन मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या हातांनी लोंबकळत खाली आला आणि वाचला. तो पायलट नवशिका नव्हता, हे लक्षात घ्या. ऊन चढलं, हवा उठायला लागली, बाकीचे उडाले, की पायलटचे डोळे आकाशाकडे जातात. त्याच वेळी मोबाइल वाजतो. जोडणारा कितीही तरबेज असो, ज्याला आज उडायचं आहे त्याने स्वतःच्या कामाला स्वतःच ‘ठीक’ म्हणू नये. तपासणारा असा हवा की त्याला कसलीच घाई नाही.

आणि काही गोष्टी ना जोडणाऱ्याला दिसतात ना पट्टी धरणाऱ्याला. ब्लानिक नावाचा चेकोस्लोव्हाकियात बनलेला ॲल्युमिनियमचा ग्लायडर जगभर शिकाऊ पायलटांचा लाडका होता. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिकचा पंख उडताना तुटला. धातू थकून पंखाच्या मुळातली तुळई आतून गेली होती. त्यानंतर जगभरचे ब्लानिक जमिनीवर बसवले गेले. असल्या ठिकाणी कॅप्टनसाहेबांचं जर्मन मॅन्युअल कामाचं नाही आणि माझी बोटंही नाहीत. तिथे अभियंता लागतो, त्याची यंत्रं लागतात, किती तास उडालं त्याचा हिशोब लागतो. दुरुस्ती, तडे, आयुष्य संपलेले भाग हे काम त्याचंच, आणि त्यात पायलटने नाक खुपसू नये असं माझं ठाम मत आहे.

तसंच जोडणं आणि बनवणं यांतही लोक गल्लत करतात. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ मध्ये ते वांद्र्याच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं होतं, तेव्हा मीही गर्दीत उभं राहून पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उडवून पाहायची परवानगी मिळायला २०१९. लोक हळहळतात, आणि वर्षानुवर्षं कागद फिरवत ठेवणं वाईटच. पण जे विमान याआधी कुणी उडवलेलंच नाही त्याची कसून चौकशी व्हायलाच हवी. ऑटो लिलिएंथाल स्वतःचे ग्लायडर स्वतःच आखायचा, बांधायचा, उडवायचा. ९ ऑगस्ट १८९६ ला तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्यावर नियम लादायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि अडवायलाही. कारखान्यात बनलेला, प्रमाणित झालेला ग्लायडर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा उभा करणं ही मात्र अगदी वेगळी आणि फार छोटी गोष्ट आहे. दोन्हींना एकच माप लावलं की मोठ्या कामाची तपासणी ढिली होते आणि छोट्या कामाचा छळ.

आता आमच्या भागात नवी मुंबईचा विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी विमानं सुरू झाली. त्याला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून आमच्या गावांतली माणसं रस्त्यावर उतरली होती. आता तीच माणसं आपल्या पोरांना तिथे काम कुठलं मिळेल ते विचारत येतात. मी सांगतो, बारावी विज्ञान सोडू नका, एएमई व्हा. ‘मिळेल ते काम’ घेतलं तर ट्रॉल्या ढकलाल. माझ्यासारखं कागदाबाहेर राहून विमान जोडायचे दिवस गेले, आणि ते गेले ते बरं झालं.

कायदाही बदलला. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. आता त्याखालचे नियम जे कुणी लिहितील त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. झटपट जोडायच्या बनावटीच्या ग्लायडरची जोडणी, ती शिकलेल्या आणि तशी नोंद असलेल्या पायलटला करू द्या. लॉगबुकात त्यासाठी दोन रकाने ठेवा: जोडलं कुणी आणि तपासलं कुणी. दोन्हींत एकच नाव चालणार नाही, आणि तपासणाऱ्याने त्या दिवशी त्या ग्लायडरमध्ये बसायचं नाही. वर्षाची तपासणी आणि दुरुस्ती अभियंत्याकडेच राहू द्या, पण ज्या झडपा उघडून पाहिल्या त्या त्याने आपल्या हाताने लिहाव्यात.